अनाथोथचं शेत

आजचं वाचन: यिर्मया 32:6-27



माझी नोकरी गेली त्या आठवड्यात यिर्मया 29:11 मला नऊ जणांनी पाठवलं. देवाच्या मनात आपल्या हिताच्या योजना आहेत, हे सांगणारं वचन. सगळ्यांनी प्रेमानेच पाठवलं होतं. पण दर महिन्याच्या 5 तारखेला फ्लॅटचा हप्ता कापला जायचा आणि मी मोबाइल उलटा करून ठेवायचो.

त्याच्या आधीचं वचन, 29:10, मात्र कुणीच पाठवलं नाही. तिथे देव म्हणतो की बाबेलची 70 वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. 70 वर्षं! बंदिवासात हे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसलाच नसणार. वचन खरंच होतं, पण ते त्यांच्या कॅलेंडरवर चालणारं नव्हतं.

आजच्या अध्यायात तोच यिर्मया कैदेत आहे. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय. शहर पडणार असं देवाच्या नावाने सांगितलं म्हणून सिद्कीया राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडलंय. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत विकत घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ म्हणजे यिर्मयाचं गाव, यरुशलेमपासून अगदी जवळ. बाहेर शत्रूच्या छावण्या आणि हा शेत विकायला आलाय! आपण असतो तर म्हटलं असतं, भाऊ, नंतर बोलू.

यिर्मया मात्र 17 शेकेल चांदी तराजूत तोलून देतो. साधारण 200 ग्रॅम. साक्षीदार बोलावतो, खरेदीखत करतो. एक प्रत सीलबंद, एक उघडी. दोन्ही बारूखकडे देऊन मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. आमच्या धंद्यात याला बॅकअप म्हणतात. कारण देवाने सांगितलं होतं, या देशात पुन्हा घरं, शेतं आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील.

आता पुढची गंमत बघा. व्यवहार पूर्ण झाल्यावर, 16 व्या वचनापासून, यिर्मया प्रार्थना करतो आणि तिच्यात गोंधळ स्पष्ट दिसतो. प्रभू, शहराला मोर्चे लागलेत, तुझ्या डोळ्यांसमोर आहे सगळं, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? म्हणजे आधी आज्ञापालन, मग प्रश्न. मला नेहमी वाटायचं की विश्वास म्हणजे मनात शंका न येणं. यिर्मयाच्या मनात शंका होती, तरी शेताचे पैसे देऊन झाले होते. आणि देव त्याच्यावर रागावत नाही. तो उलट विचारतो, मला अशक्य असं काही आहे का?

माझ्या त्या महिन्यांतली प्रार्थना एकच होती: प्रभू, फ्लॅट वाचव. एका रात्री बायको म्हणाली, "तू रोज देवाला काय करायचं ते सांगतोस. त्याने तुला काय करायला सांगितलंय, ते कधी विचारणार?" मी चिडलो. पण ते बोलणं डोक्यातून जाईना. मंडळीतला शनिवारचा मुलांचा वर्ग घेशील का, असं पाळकांनी विचारलं होतं आणि मी म्हटलं होतं, नोकरी लागली की बघू. खरं कारण लाज होतं. तिथे प्रत्येकजण विचारणार, "काही झालं का?" पुढच्या शनिवारी मी गेलो. लोकांनी विचारलंच. मी म्हटलं, "नाही झालं अजून." आणि वर्ग घेतला. ते माझं 17 शेकेल.

मग नोकरी लागली का? लागली, सातव्या महिन्यात, कमी पगाराची. त्याआधी फ्लॅट विकावा लागला होता. आज आम्ही भाड्याने राहतो. त्या बिल्डिंगवरून गाडी गेली की अजूनही आत काहीतरी टोचतं. पण एक गोष्ट कळली: फ्लॅट देईन असं देव मला कधी बोललाच नव्हता. ते वचन मीच त्याच्या नावावर लिहिलं होतं. तो जे बोललाय ते इब्री 13:5 मध्ये आहे, मी तुला सोडणार नाही. आणि ते वचन पैशाच्या लोभाबद्दल बोलताना आलंय, हे मी इतकी वर्षं वाचलंच नव्हतं. त्या सात महिन्यांत त्याने मला सोडलं नाही. एवढी साक्ष मी छातीवर हात ठेवून देऊ शकतो.

यिर्मयाने ते शेत कसलं नाही. शहर पडलं आणि पुढे लोक त्याला मिसरात घेऊन गेले. पण एज्राच्या दुसऱ्या अध्यायात, बंदिवासातून परतलेल्यांच्या यादीत, 23 वं वचन काढून बघा. अनाथोथची माणसं: 128. यादी म्हणून आपण ते पान उलटून पुढे जातो. यिर्मयाने ते वाचलं असतं तर?

तू आज वेढ्यात असशील. रिझल्ट, रिपोर्ट, रिश्ता, नोकरी, काहीही असेल. शंका असेल तर ती देवाला स्पष्ट सांग, त्याला ती ऐकायची सवय आहे. पण "सगळं ठीक झालं की करीन" म्हणून बाजूला ठेवलेलं एक काम आठव. ते आज कर.

प्रार्थना: प्रभू येशू, जे तू बोललास ते आणि जे मी तुझ्या नावावर लिहिलं ते, यातला फरक मला दाखव. उत्तर दिसत नसतानाही आजचं पाऊल टाकायला बळ दे. आमेन.