पत्ता सांगणारी माणसं

मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन हे टायरच्या कारखान्यांचं शहर. तिथल्या मेफ्लॉवर हॉटेलात न्यूयॉर्कचा शेअरदलाल बिल विल्सन अस्वस्थ होऊन येरझारा घालत होता. ज्या कामासाठी आला ते फिसकटलं होतं. बाजूच्या बारमधून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते आणि दारू सुटून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. लॉबीत गावातल्या चर्चची यादी लावलेली होती. तिच्यावरून त्याने एका पाद्र्यांना फोन लावला. त्याला उपदेश नको होता, दारूत अडकलेल्या दुसऱ्या कुणाशी तरी बोलायचं होतं.

अशी विचित्र मागणी ऐकून पाद्र्यांनी फोन आपटला नाही, काही नावं दिली. त्यातून धागा हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंपर्यंत पोचला. त्या स्वतः पिणाऱ्या नव्हत्या. पण आपल्या ओळखीचे सर्जन डॉ. बॉब स्मिथ दारूपायी हातचे चालले आहेत हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघांची गाठ घालून दिली. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर सहा तासांहून जास्त बसले. त्यानंतर ते एकदा घसरले, पण १० जून १९३५ नंतर मात्र त्यांनी दारूला हात लावला नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ‘ए.ए.’, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना हाच आपला स्थापनादिन मानते.

या गोष्टीत बिल आणि बॉब सगळ्यांना आठवतात. पाद्री आणि सायबर्लिंगबाई मागे राहतात, आणि हा अन्याय आहे. त्यांनी कुणाची दारू सोडवली नाही. एका पिणाऱ्याला दुसऱ्यापर्यंत पोचवलं, एवढंच. पण ते झालं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

डॉ. बॉबना दारूचे दुष्परिणाम समजावून सांगण्याची गरज नव्हती. ते स्वतः डॉक्टर होते. त्या संध्याकाळी वेगळं होतं ते इतकंच की समोरचा माणूस त्यांना सुधारायला आला नव्हता. त्याला स्वतःला टिकून राहायचं होतं आणि त्यासाठी बॉबची गरज होती. न्यूयॉर्कमध्ये बिलने कित्येकांच्या मागे लागून पाहिलं होतं. त्यातला एकही टिकला नाही. त्या खटपटीत बिल स्वतः मात्र टिकला. मदत घेणारा आणि देणारा यांच्यातली उच्चनीचता इथे गळून पडते. पिणाऱ्याला घरीदारी सतत खालच्या पायरीवर उभं केलं जातं. त्याच्यासाठी ही बरोबरी फार मोठी असते.

भारतात ए.ए.च्या मीटिंगा १९५७ पासून होत आहेत. मुंबईत, पुण्यात, गोव्यात त्या कुठे शाळेच्या वर्गात, कुठे चर्चच्या हॉलमध्ये भरतात. फी नसते. सभासद व्हायला दारू सोडण्याची इच्छा पुरते. खर्चासाठी आपसात वर्गणी निघते, बाहेरची देणगी घेत नाहीत. बोलायचं नसेल तर नुसतं ऐकत बसता येतं. ‘ओपन’ मीटिंगला कुणीही येऊ शकतं, ‘क्लोज्ड’ मीटिंग फक्त दारूचा प्रश्न असलेल्यांसाठी. ओळख करून देताना फक्त पहिलं नाव सांगतात. जिथे आडनाव ऐकताच समोरचा मनातल्या मनात जात, गाव, घराणं लावून मोकळा होतो, अशा आपल्या समाजात आडनावाशिवाय बसायला मिळणं ही केवळ गुप्तता नाही.

पण हीच गुप्तता नव्या माणसाला आडवी येते. मीटिंगच्या जागेवर ठळक पाटी नसते. गेलेला माणूस गावभर सांगत नाही. ज्याला जायचंय तो विचारायला लाजतो. मग दार उघडं असूनही सापडत नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळाल्याचं दिसतं. बाकीचे सदतीस कुणाच्या तरी शेजारी, कुणाच्या तरी ऑफिसात, कुणाच्या तरी घरात असतात.

पोचवण्याला किती किंमत आहे, हे अभ्यासातही दिसलं आहे. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले होते. रुग्णाला ठरवून, पाठपुरावा करून ए.ए.पर्यंत नेणाऱ्या उपचारांनंतर वर्षभराने सुमारे ४२ टक्के लोक दारूपासून पूर्ण दूर होते. इतर प्रस्थापित मानसोपचारांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. म्हणजे मीटिंगचा वार, वेळ आणि पत्ता चिठ्ठीवर लिहून देणारा, पहिल्या दिवशी दारापर्यंत सोबत जाणारा फॅमिली डॉक्टर खऱ्या अर्थाने उपचारच करत असतो.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने ही गोष्ट फार आधी ओळखली. तिथून बरे झालेलेच पुढे नव्यांना सांभाळू लागले. उपचारानंतरचा पाठपुरावाही तिथे तितकाच महत्त्वाचा मानला गेला.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत दारू बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. तिथे आधी डॉक्टर, मग मीटिंग. आणि पहिलाच गट मानवला नाही तर दुसरीकडे जाऊन पाहावं. प्रत्येक गटाची माणसं वेगळी, बोलण्याची तऱ्हा वेगळी.

चौकशी कुठे करायची? ए.ए.च्या भारतातल्या संकेतस्थळावर, सरकारी इस्पितळाच्या मानसोपचार विभागात, किंवा सरकारच्या १४४४६ या मोफत हेल्पलाइनवर. बहुतेकदा ही चौकशी बायको किंवा आई करते, आणि पिणारा यायला तयार नसला की हताश होऊन थांबते. तिच्यासाठीही जागा आहे. बिलची पत्नी लोइस हिच्या पुढाकाराने १९५१ मध्ये आकाराला आलेल्या ‘अल-अ‍ॅनॉन’च्या मीटिंगा पिणाऱ्याच्या घरच्यांसाठीच असतात. तो पीत असो वा नसो, तिला तिथे जाता येतं.

सगळ्यात अवघड जातं ते पिणाऱ्या बाईला. पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीने शिरायचं, तेही आपल्याच गावात, हे सोपं नाही. म्हणून फोनवर बायकांची मीटिंग आहे का, ऑनलाइन आहे का, असं सरळ विचारावं. तिच्या वतीने बहिणीने किंवा मैत्रिणीने विचारलं तरी चालतं.