धनुष्य दाराशी ठेवताना



आजचा श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला पाचवा. अर्जुन म्हणतो, या थोर गुरुजनांना मारून मिळालेलं सुख भोगण्यापेक्षा भीक मागून पोट भरलेलं बरं. आपण हा श्लोक भरभर ओलांडतो, कारण पुढच्या अकराव्या श्लोकापासून भगवंतांचा उपदेश सुरू होतो आणि आपल्याला तिकडे जायची घाई असते. पण जरा थांबून वाचा. अर्जुन इथे चक्क करिअर बदलायचं बोलतोय. शस्त्राचं काम नको, दुसरं काहीही चालेल, पगार शून्य असला तरी.

आमच्या शनिवारच्या ऑनलाइन पारायणात एक मित्र आहे. नाव सांगत नाही. पुण्यातल्या एका खाजगी कंपनीत आहे, कंपनीकडे संरक्षण खात्याचं कंत्राट आहे, आणि हा ज्या प्रणालीचं सॉफ्टवेअर लिहितो ती शेवटी दारूगोळ्याला जोडली जाते. त्याला हे काम सोडायचं आहे. घरी आई म्हणते, "देशाचं काम सोडून कुठे जातोस?" त्याने मला विचारलं, "दादा, गीता तर सोडू नको असंच सांगते ना? मग मी अर्जुनासारखा पळतोय का?"

प्रश्न साधा नाही. आणि मला तो परका पण नाही, कारण मी स्वतः चार वर्षं अशाच कामात होतो आणि आता डायलिसिस मशीनचं सॉफ्टवेअर लिहितो.

आधी हे पाहू की भगवंतांनी अर्जुनाला नेमकं कशावरून टोकलं. अर्जुनाला शस्त्राचा कंटाळा आला होता का? अजिबात नाही. निवातकवचांना मारताना त्याला भीक मागायची आठवण झाली नव्हती. विराटाच्या गायी सोडवताना याच भीष्म-द्रोणांवर त्याने बाण सोडले होते. रथ मधे उभा राहिला, समोर आजोबा, गुरू, मामा, भाऊ दिसले आणि मग हात थरथरले. ज्ञानोबा माउली पहिल्या अध्यायात इथे भुंग्याचा दाखला देतात. कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या कळीत अडकतो. लाकूड पोखरायची ताकद आहे, पण पाकळी मोडवत नाही. म्हणजे अर्जुनाची अडचण हिंसा ही नव्हतीच, 'माझी माणसं' ही होती. समोर अनोळखी फौज असती तर अठरा अध्याय झालेच नसते.

म्हणून मी मित्राला उलटा प्रश्न केला. तुला अडचण कामाची आहे की माणसांची? बॉस चांगला मिळाला, हाईक मिळाली, प्रोजेक्ट बदललं, तर हा प्रश्न राहील का? अठराव्या अध्यायात भगवंत त्यागाचे प्रकार सांगतात. त्रास होतो म्हणून, अंगाला कष्ट पडतात म्हणून टाकलेलं काम हा राजस त्याग, त्याचं फळ मिळत नाही. आपल्या आयटीवाल्यांचे निम्मे राजीनामे या खात्यात जातात. त्यात पाप काही नाही हो, फक्त त्याला वैराग्य म्हणू नये.

तो म्हणाला, "नाही. मला रात्री झोपताना हेच येतं डोक्यात, की माझा कोड बरोबर चालला तर काय होतं." हे मात्र वेगळं आहे.

इथे मला जोसेफ रॉटब्लाट आठवतात. पोलंडचे पदार्थवैज्ञानिक, १९३९ मध्ये इंग्लंडला लिव्हरपूलला आले. पत्नी वॉर्सात राहिली, ती पुन्हा कधी भेटली नाही, ज्यूंच्या संहारात गेली. हिटलरकडे अणुबॉम्ब आधी आला तर काय, या भीतीने ते १९४४ मध्ये अमेरिकेत लॉस अलामॉसला बॉम्बच्या प्रकल्पावर गेले. वर्षअखेरीस कळलं की जर्मनी बॉम्ब बनवत नाहीये. ज्या कारणासाठी आत शिरलो ते कारणच उरलं नाही, म्हणून ते बाहेर पडले. त्यांच्यावर हेरगिरीचा संशय घेतला गेला. पुढे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलच्या कॉलेजात प्राध्यापक झाले, किरणोत्साराचा शरीरावर काय परिणाम होतो यावर काम केलं. १९९५ चं शांततेचं नोबेल त्यांना आणि त्यांच्या पगवॉश परिषदेला मिळालं.

मला यात नोबेलपेक्षा तो एक विचार मोलाचा वाटतो: मी इथे का आलो होतो, आणि ते कारण आज शिल्लक आहे का? अर्जुनाचं कारण शिल्लक होतं. द्रौपदीची विटंबना झाली होती, शिष्टाई फसली होती, पाच गावंसुद्धा नाकारली गेली होती. यातलं काहीच बदललं नव्हतं, बदलले ते फक्त समोरचे चेहरे. रॉटब्लाटांच्या बाबतीत कारणच विरलं. दोघांनाही 'नको' वाटलं, पण दोन्ही 'नको' एक नाहीत.

आता स्वधर्माचं. "आपला धर्म सदोष असला तरी तोच बरा" हे वाक्य घरोघरी ऐकवलं जातं, आणि बहुतेक वेळा माणसाला आहे तिथे बसवून ठेवायला. पण कंत्राटी कंपनीतली नोकरी हा स्वधर्म कधीपासून झाला? सैनिक शपथ घेतो. तो सीमेवर उभा असतो, त्याच्या अंगावर गोळी येते. आपण ऑफर लेटरवर सही केलेली असते आणि नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असतो. भारतात संरक्षण उत्पादन खाजगी कंपन्यांना २००१ मध्ये खुलं झालं. त्याआधी आपल्यासारख्यांना हा प्रश्न पडायची वेळच फारशी येत नव्हती. त्याच उद्योगातल्या नोकरीला क्षत्रियाचा धर्म म्हणणं मला जड जातं. आईला हे असं तोंडावर सांगू नये, पण मनात स्पष्ट असावं.

याचा अर्थ ते काम हीन आहे असं मी मुळीच म्हणत नाही. माउलींची पालखी आळंदीहून निघते ती दिघीवरून पुण्यात येते, आणि दिघीला संरक्षण संशोधनाची मोठी प्रयोगशाळा आहे. तुकोबांची पालखी देहूरोडच्या लष्करी भागातून आकुर्डीकडे जाते. कितीतरी माणसं तिथे दिवसभर शस्त्राचं काम करतात आणि संध्याकाळी हरिपाठाला बसतात. त्यांच्या भक्तीत मला खोट दिसत नाही. वनपर्वातला धर्मव्याध तर मिथिलेत मांस विकायचा, आणि तपस्वी कौशिकाला धर्म शिकायला त्याच्याच दुकानात जावं लागलं. तो व्याध कौशिकाला एक फार अवघड गोष्ट ऐकवतो: शेतकरी नांगर चालवतो तेव्हाही जीव मरतातच. भगवंतही म्हणतात की आगीला जसा धूर, तसा प्रत्येक कामाला काही ना काही दोष असतोच.

त्यामुळे सिव्हिलियन नोकरी म्हणजे गंगाजल, हा भ्रम काढून टाकावा. मित्राकडे दोन ऑफर होत्या. एक होती कर्ज देणाऱ्या ॲपची, पैसा भरपूर. थकबाकीदाराला कधी आणि किती वेळा गाठायचं, हे ठरवणारं मॉडेल बनवायचं होतं. मी म्हटलं, बाबा रे, इथे बंदूक नाही एवढंच. दुसरी होती पाणीपुरवठ्याच्या पंपांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रणालीची, पगार आताच्यापेक्षा वीस टक्क्यांनी कमी. त्याच्यावर घराचा हप्ता आहे.

हप्त्याची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. युद्धाच्या सकाळी युधिष्ठिर शस्त्र खाली ठेवून भीष्मांकडे आशीर्वादाला गेला, तेव्हा एवढे मोठे पितामह म्हणाले की माणूस पैशाचा दास असतो, मी कौरवांच्या धनाने बांधला गेलोय. द्रोण आणि कृप यांनीही तेच सांगितलं. ज्यांना बरोबर बाजू कोणती हे माहीत होतं, ते सगळे पगाराने चुकीच्या बाजूला थांबले. मला महाभारतातली सर्वात आधुनिक जागा हीच वाटते.

आणि विदुर? भागवताच्या तिसऱ्या स्कंधात दुर्योधन त्याचा भर सभेत अपमान करतो, तेव्हा विदुर आपलं धनुष्य राजवाड्याच्या दाराशी ठेवतो आणि तीर्थयात्रेला निघून जातो. भागवत त्याला पळपुटा म्हणत नाही. कारण पाहा ना, विदुर वर्षानुवर्षं सभेत स्पष्ट बोलला होता. सगळं सांगून झालं, कोणी ऐकलं नाही, मग तो गेला. शिवाय युद्ध उभं राहण्याआधी गेला. अर्जुन मात्र सात अक्षौहिणी सेना आपल्या भरवशावर गोळा करून दोन्ही फौजांच्या मधोमध धनुष्य टाकत होता. आपल्या भाषेत, रिलीजच्या रात्री लॅपटॉप बंद करणं. जायचं असेल तर विदुरासारखं जावं: आधी बोलून, आणि कोणाला मधेच न टाकता.

मित्राने ते केलं. मॅनेजरशी बोलला, दुसऱ्या विभागात बदली मागितली, मिळाली नाही. आता हँडओव्हरची कागदपत्रं लिहितोय.

बाहेर पडताना एक अडचण येते, तीही सांगतो. रिझ्युमे रिकामा दिसतो. काय बनवलं हे सांगता येत नाही, करार असतो, वर १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट आहे. इंटरव्ह्यूत समोरचा विचारतो, "चार वर्षं नेमकं काय केलं?" तिथे फुशारकीपायी एक शब्दही जास्त बोलू नये. दिलेला शब्द नोकरी सुटल्यावर सुटत नाही. पण कामाची पद्धत सांगता येते. तिथे प्रत्येक रिक्वायरमेंटपासून टेस्टपर्यंतचा माग दाखवायची सवय लागलेली असते, आणि मेडिकल उपकरणांच्या सॉफ्टवेअरला आयईसी ६२३०४ हे मानक नेमकं तेच मागतं. मला या एका सवयीने नोकरी दिली. अब्दुल कलामांची गोष्ट तर तुम्हाला माहीत असेलच. क्षेपणास्त्रासाठी केलेलं हलकं मटेरियल वापरून त्यांच्या लोकांनी हैदराबादच्या निम्स हॉस्पिटलमधल्या मुलांसाठी कॅलिपर बनवले. तीन किलोंच्या जागी सुमारे ३०० ग्रॅम. त्यासाठी कलामांना नोकरी सोडावी लागली नव्हती, हेही मी मित्राला सांगितलं, म्हणजे त्याला फक्त माझीच बाजू ऐकायला मिळू नये.

अठरावा अध्याय संपत येतो तेव्हा भगवंत अर्जुनाला म्हणतात, सगळं सांगून झालं, आता नीट विचार कर आणि तुला वाटेल ते कर. एवढं समजावूनही सही अर्जुनाचीच ठेवली. मग मी कोण सांगणार? पंपांच्या कंपनीला उत्तर द्यायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. त्याने अजून आईशी पगाराचं बोलणं काढलेलं नाही.

उद्या सहावा श्लोक. तिथे अर्जुन कबूल करतो की आपण जिंकावं की त्यांनी आपल्याला जिंकावं, यातलं बरं कोणतं हेच मला कळत नाही. वाचून या.

राम कृष्ण हरी.