दहा व्हिडिओ एकदा, की एकच दहादा?

मोबाइलवर इंग्रजी शिकवणाऱ्या छोट्या व्हिडिओंची थट्टा करणं सोपं आहे. ‘भाजी घेताना बोलायची पाच वाक्यं’, ‘डॉक्टरांकडे गेल्यावर’, ‘हॉटेलात जेवण मागवताना’ असे मथळे, मागे ठेका, आणि मिनिटभरात धडा खलास. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी घोटलेल्यांना हा पोरखेळ वाटतो आणि त्यांचा आक्षेप ठरलेला असतो : व्याकरणाचा पायाच नाही, तर भाषा येणार कशी? हा आक्षेप भलत्याच जागी बोट ठेवतो. व्याकरण पाठ असूनही तोंड न उघडणारे पदवीधर आपल्याकडे थोडे नाहीत. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी बारावी झालेला मुलगा साहेबांकडे इंग्रजीत रजा मागताना अडखळतो. छोट्या व्हिडिओत खोट आहे, पण ती त्याच्या लांबीत नाही आणि सोपेपणात तर नाहीच. तो संपताक्षणी दुसरा, तिसरा, चौथा व्हिडिओ समोर येऊन उभा राहतो, खोट तिथे आहे.

नवशिक्याला लागतात मोजके शब्द, तेही पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या वाक्यांत भेटणारे. हे आजचं शहाणपण नव्हे. ढाक्यात शिक्षकांना घडवणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांसाठी वाचनपुस्तकं रचताना नवे शब्द जपून, थोडे थोडे सोडले. पुढे १९५३मध्ये त्यांनी सुमारे २००० नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९मध्ये परभाषकांसाठी सोप्या इंग्रजीतल्या बातम्या सुरू केल्या. त्यांत सुमारे १५०० शब्द, छोटी वाक्यं आणि संथ वाचन एवढंच भांडवल होतं. या दोन्ही उद्योगांचं बळ त्यांनी स्वतःला घातलेल्या मर्यादेत होतं. मोबाइलवरच्या अखंड प्रवाहाला नेमकी हीच मर्यादा परवडत नाही. कालचेच बारा शब्द आज पुन्हा आले, तर पाहणारा अंगठ्याने पुढे सरकेल अशी धास्ती व्हिडिओ करणाऱ्याला असते. म्हणून सकाळी विमानतळ, दुपारी बँक, रात्री वाक्प्रचार. विषय रोजचे, पण शब्द रोज नवे! शिकणाऱ्याला प्रत्येक वेळी काहीतरी कळल्याचं समाधान मिळतं आणि आठवड्याने हाती काही उरत नाही.

धडा छोटा असणं हा दोष नाही, याचा दाखला पुन्हा ढाक्याकडचाच आहे. २००९मध्ये बांगलादेशात ‘बीबीसी जानाला’ हा उपक्रम सुरू झाला. साध्या मोबाइलवरून एक क्रमांक फिरवायचा आणि तीन मिनिटांचा इंग्रजीचा धडा ऐकायचा. पण त्या तीन मिनिटांमागे आखणी होती. धड्यांना पातळ्या होत्या आणि ‘प्रथम आलो’ या दैनिकातही या उपक्रमाचे धडे छापून येत. ऐकलेलं वाचायला मिळण्याची, पुन्हा त्याच्याकडे वळण्याची ती सोय होती.

यावर म्हटलं जाईल की क्रम, उजळणी वगैरे शाळेच्या सवयी झाल्या. मूल तर नुसतं ऐकूनच भाषा शिकतं. समजेल असं पुष्कळ कानावर पडलं की भाषा येते, हा स्टीफन क्रॅशन यांचा सिद्धांतही या बाजूने मांडता येतो. पण मूल नुसतं ऐकत नाही. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी बारा सत्रांत चिनी भाषेत खेळ-गप्पा झाल्या आणि ती बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखू लागली. तेच बोलणं पडद्यावर पाहिलेल्या बाळांना मात्र काही उमगलं नाही. बाळांचा नियम मोठ्यांना जसाच्या तसा लावता येत नाही, हे खरं. मग मोठ्या मुलांचं पाहू. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच माध्यमात शिकली. त्यांना ऐकलेलं उत्तम समजे, बोलताना मात्र चुका राहत. मेरिल स्वेन यांनी १९८५मध्ये त्यावरून मांडलं की समजणं पुरत नाही, स्वतः वाक्य जुळवण्याची वेळ यावी लागते. व्हिडिओ ती वेळ कधी आणत नाही. तो उत्तराची वाट पाहत नाही.

खरा वजनदार आक्षेप वेगळाच आहे. हिंजवडीच्या कंपनीत सफाईचं काम करणाऱ्या बाईंना, नाहीतर घरोघर पार्सल पोचवणाऱ्या मुलाला, शिकवणीची फी आणि वेळ कुठून आणायचा? शिवाय पडदा हसत नाही. चुकलं तर चारचौघांत फजिती होत नाही, ही इंग्रजीच्या धाकात वाढलेल्या माणसाला फार मोठी सवलत आहे. हे सगळं मान्य. म्हणूनच दहा व्हिडिओ एकदा पाहण्यापेक्षा एकच उतरवून घेऊन दहादा पाहावा, मध्ये थांबवून मोठ्याने म्हणावा, घरातल्या कुणाला तरी त्यातला प्रश्न विचारायला लावावा. पण सगळा भार शिकणाऱ्यावर टाकणं अन्यायाचं होईल. त्या बाईंना विमानतळावरची वाक्यं नकोत. पगाराच्या पावतीवरचे शब्द, सुपरवायझरचा निरोप, औषधाच्या पाकिटावरची सूचना हवी. तीनशे शब्दांत बसवलेले, एकमेकांत गुंतलेले चाळीस व्हिडिओ कुणी केले, तर त्यांना प्रेक्षक कमी मिळतील. तेव्हा प्रेक्षकसंख्येवर ज्यांचं पोट नाही अशा संस्थेनेच ते करायला हवेत. बालभारतीकडे पायरीपायरीने शब्द वाढवत धडे रचण्याचा अनुभव आहे आणि तिच्या पुस्तकांत क्यूआर कोडही आले आहेत. ते कोड सध्या शाळकरी मुलांच्या पुस्तकांत आहेत. शाळा सुटून वीस वर्षं झालेल्या माणसाच्या हाती ते पुस्तक पडत नाही.