बियाणे आणि पीक : स्वतंत्र चित्रनिर्मितीतील एक नैतिक प्रश्न

कलाकृतीची किंमत कोणी चुकवायची, हा प्रश्न आपल्या समीक्षेत अभावानेच विचारला गेला आहे. मर्ढेकरांपासून रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’पर्यंत (१९७४) स्वायत्ततावाद आणि लौकिकतावाद ह्यांची जी चर्चा मराठीत झाली, तिच्या केंद्रस्थानी प्राधान्याने साहित्य होते, आणि कविता लिहायला कागद-लेखणी पुरते. चित्रपट मात्र पहिली प्रतिमा उमटण्यापूर्वीच पैसा मागतो. म्हणजे ह्या कलेत व्यवहार हा निर्मितीनंतर बाहेरून येऊन चिकटणारा घटक नसून निर्मितीच्या शक्यतेचीच एक अट आहे. असे असेल तर ‘सर्जन आणि व्यवसाय ह्यांचा तोल’ हे तराजूचे रूपक दिशाभूल करणारे ठरते. दोन पारड्यांत दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि एकीत भर पडली की दुसरी उणी होते, असे ते गृहीत धरते.

दुसरे रूपक जालना जिल्ह्याच्या शेतीत सापडते. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले ह्यांनी जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि ह्या भागाचे नाव संकरित बियाण्यांशी कायमचे जोडले गेले. त्यापूर्वीचा शेतकरी खळ्यावरच चांगली कणसे निवडून बाजूला ठेवी. घरात कितीही नड आली तरी ते दाणे जात्यात जाऊ नयेत, असा दंडक असे. संकरित वाणाने उत्पन्न वाढवले, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्या पिकाचा दाणा पुढच्या वर्षी तेच गुण देत नाही, म्हणून बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. पीक किती आले आणि पुढच्या पेरणीचे बियाणे कोणाच्या हाती राहिले, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. चित्रनिर्मितीच्या चर्चेत आपण पहिलाच विचारतो.

ह्याच जिल्ह्यातील जांबसमर्थचे नाटककार राजकुमार तांगडे ह्यांचे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ (२०१२) हे नाटक नंदू माधव ह्यांच्या दिग्दर्शनाखाली उभे राहिले. त्यातील बरेचसे कलावंत जालना परिसरातले, शेतीशी नाते असलेले होते. नाटकाचा खर्च प्रयोगागणिक विभागला जातो. प्रयोग रंगला नाही तर दुरुस्ती करता येते, आणि संहिता व तालमीत मुरलेली नटमंडळी हे बियाणे संचाकडेच राहते. चित्रपटात सगळी पेरणी एकाच वेळी करावी लागते. तो पडला तर दुबार पेरणीची सोय नसते. ह्या रचनात्मक भेदामुळेच चित्रपटाचा नैतिक प्रश्न अधिक तीव्र होतो.

भारतीय चित्रपटाच्या आरंभालाच तो उपस्थित आहे. भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून दादासाहेब फाळके ह्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरून त्याच्या वाढीचे छोटे चित्रण केले. योगायोगाने तेही बियाणेच. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) साठी विम्याची पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. यश मिळाल्यावर १९१८ साली भागीदारांसह ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी’ निघाली. परंतु खर्च आणि कारभार ह्यांवरून मतभेद होऊन फाळके काशीला निघून गेले आणि ‘रंगभूमी’ नाटक लिहू लागले. पुढे ते परतले, तरी १९४४ साली नाशकात निधन झाले तेव्हा त्यांच्याजवळ काही उरले नव्हते. ह्या कथेकडे आपण त्यागाची कथा म्हणून पाहतो. तिच्यात हिशेबाचा एक भाग गाळलेला असतो. दागिने हेही भांडवलच होते. ते घालणारीचे नाव मात्र भागीदारांच्या यादीत नव्हते.

शंभर वर्षांनंतरही ही रीत संपलेली नाही. ‘ख्वाडा’साठी (२०१५) आपण जमीन विकल्याचे भाऊराव कऱ्हाडे ह्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारांत गौरव झाला आणि तो यथायोग्यच होता. पण गौरवाच्या भाषेत जमीन विकणे हे कलानिष्ठेचे प्रमाणपत्र होऊन बसते, तेव्हा समीक्षकाने थांबले पाहिजे. कलेच्या क्षेत्रात आर्थिक तोटाच प्रतिष्ठेचे चलन बनतो, हे पिएर बोर्द्यू ह्यांनी दाखवले आहे. आपल्याकडे त्या तोट्यात बहुधा सारे घर सामील असते. दिग्दर्शकाने स्वतःचा काळ आणि देह पणाला लावणे हा त्याचा अधिकार होय. इतरांचे उद्याचे अन्न पणाला लावण्याचा अधिकार प्रतिभेने आपोआप प्राप्त होत नाही. बिनमोबदला राबलेल्या तंत्रज्ञांबाबतही हेच म्हणावे लागेल.

ह्यावर असा आक्षेप येईल की, हे धाडस नसते तर हे चित्रपटही नसते. सुरक्षित पैसा सुरक्षित कृतीच मागतो. आक्षेप खरा आहे. म्हणूनच प्रश्न धाडस करावे की नाही असा नसून, धाडसाची वाटणी कशी व्हावी असा आहे. ‘मंथन’साठी (१९७६) गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले. तोटा झाला असता तरी कोणाचे घर बुडाले नसते. अर्थात त्या पैशालाही आपला विषय होताच. ‘प्रभात’चे उदाहरण अधिक बोलके आहे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या ह्या कंपनीत छायालेखक धायबर, कलादिग्दर्शक फत्तेलाल, ध्वनीची बाजू सांभाळणारे दामले हे स्वतःच मालक होते; भांडवल पुरवणारे सीतारामपंत कुलकर्णी त्यांच्या बरोबरीचे भागीदार होते. ‘संत तुकाराम’चे (१९३६) दिग्दर्शक दामले-फत्तेलाल. तेथे पुढच्या चित्रपटाचे बियाणे करणाऱ्यांच्या कणगीत राहत होते. १९४२ साली शांताराम बाहेर पडले आणि पुढे कंपनी ओसरली. पण ती व्यवस्था अशक्य नव्हती, एवढे त्यातून सिद्ध होते.

आजच्या मालिकानिर्मितीत प्रश्नाने नवे रूप घेतले आहे. मोठा प्रसारमंच खर्च आणि ठरावीक नफा देऊन मालिकेचे सर्व हक्क सहसा स्वतःकडे घेतो. घर सुरक्षित राहते, हे लहान मोल नव्हे. मात्र पात्रे, कथा आणि पुढचे पर्व दुसऱ्याच्या मालकीचे होतात. पीक आपले, वाण दुकानाचे. उलट, यूट्यूबवर प्रसिद्ध झालेल्या ‘गावाकडच्या गोष्टी’सारख्या ग्रामीण मालिकांत हक्क निर्मात्यांकडे राहू शकतात; पण तेथे प्रत्येक भागाची दर्शकसंख्या पुढचा भाग लिहिण्यापूर्वीच लेखकाच्या टेबलावर येऊन पडते. मालकी असूनही तो हळूहळू त्या आकड्याचा सालदार होऊ शकतो. तेव्हा बियाणे म्हणजे केवळ हक्क नव्हे. अप्रिय होण्याची मुभा हाही त्याचाच भाग आहे.

नफा हा कलेचा शत्रू नाही. जो नफा पुढच्या कृतीला आणि तीत चुकण्याला वाव देतो, तो नैतिक आहे. जो त्या शक्यतेच्या मोबदल्यात मिळतो, तो पीक भरघोस दिसले तरी बियाणे दळून खाण्यासारखा आहे. समीक्षेने स्वतंत्र निर्मितीचे मूल्यमापन करताना आशय आणि रूप ह्यांबरोबर हाही हिशेब मागावा : जोखीम कोणी उचलली, त्यांना विचारले होते का, आणि खळे उठल्यावर कणगीत काय उरले. ह्या प्रश्नांनी कृतीचे सौंदर्य वाढत वा घटत नाही. पण ती पाहताना आपण कोणाच्या ऋणात आहोत, हे कळते.