भूतकालावरील प्रेम

जुन्या वस्तूंवर प्रेम असणे हा आपण सामान्यतः सद्गुण समजतो. आपल्या गावच्या देवळाविषयी, वेशीविषयी, पडक्या तटाविषयी ज्यास काहीच वाटत नाही त्यास आपण कोरडा म्हणतो, आणि ह्या विषयावर ज्याचा कंठ दाटून येतो त्यास रसिक म्हणून मान देतो. परंतु भूतकालावर प्रेम करणारा मनुष्य त्या भूतकालाचे हित करतोच काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. जर्मनीत हार्ट्झ पर्वताच्या उत्तर पायथ्याशी, बोडे नदीच्या काठी, क्वेडलिनबुर्ग नावाचे एक लहानसे गाव आहे. त्याचा इतिहास थोडासा माहीत करून घेऊन जो तेथे हिंडेल त्यास हा प्रश्न चुकवावयाचा नाही.

पाहावयास गाव अतिशय रमणीय आहे. लाकडाचा सांगाडा आणि मधल्या खणांत माती व गवत लिंपून केलेल्या भिंती, अशा धर्तीची तेराशेंहून अधिक घरे तेथे उभी आहेत. काही सहाशे वर्षांहून जुनी. वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले, तुळया वाकलेल्या, दारांच्या चौकटी तिरप्या. जणू वृद्ध माणसे एकमेकांच्या खांद्यास टेकून उभी आहेत. गावाच्या एका टोकास खडकाची टेकडी असून तिच्यावर सेंट सर्वाटियसचे चर्च आहे. जर्मन राजा पहिला हाइनरिश ९३६ साली मरण पावला, त्यास ह्या टेकडीवर पुरले. आणि त्याच वर्षी त्याची विधवा राणी माटिल्डे हिने तेथे थोर घराण्यांतील स्त्रियांसाठी मठ स्थापन केला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो मठ बरखास्त होईपर्यंत खालच्या गावावर टेकडीवरील मठाधिकारिणींची हुकमत होती, आणि ती नावापुरती नव्हती. गावकऱ्यांनी आपल्या स्वातंत्र्याची खूण म्हणून बाजारात रोलांड वीराचा पुतळा उभारला होता. १४७७ साली हेडविग नावाच्या मठाधिकारिणीने आपल्या भावांचे सैन्य आणवून गाव नमविले, तेव्हा तो पुतळाही खाली आला. तो पुन्हा उभा राहावयास १८६९ साल उजाडले.

आता ह्या गावच्या भूतकालावर ज्यांनी उत्कट प्रेम केले त्यांच्याकडे वळू. त्यांतील पहिला हाइनरिश हिमलर. हिटलरच्या राज्यात लक्षावधी निरपराध माणसांच्या कत्तलीची यंत्रणा ज्याच्या हाती होती तोच हा पुरुष. १९३६ साली राजाच्या मृत्यूस सहस्र वर्षे पूर्ण झाली, तेव्हा तो आपल्या काळ्या गणवेशातील अनुयायांसह ह्या चर्चमध्ये आला व त्याने तो दिवस मोठ्या समारंभाने साजरा केला. पूर्वेकडील स्लाव्ह लोकांशी लढलेला राजा हा त्यास आपल्या मनसुब्यांचा पूर्वज वाटत होता. १९३८ साली तेथील ख्रिस्ती उपासना बंद पाडण्यात आली; चर्चचा गॉथिक घडणीचा भाग पुरेसा ‘प्राचीन’ दिसत नाही म्हणून आतून बदलण्यात आला; आणि राजाची हाडे हरवलेली होती, तर तीही उकरून ‘सापडविण्यात’ येऊन थाटाने पुरण्यात आली. युद्धानंतर तपासणी झाली तेव्हा ती राजाची नव्हेत असे दिसून आले. भक्तीला देव हवा होता, म्हणून तिने तो घडविला.

अभिमानाची हीच रीत आहे. त्यास जे घडले ते नको असते, जे शोभेल ते हवे असते. ह्याच गावात १७१५ साली डोरोथेया एर्क्सलेबेन जन्मली. तेथील वैद्यांनी तिच्यावर भोंदूपणाचा आरोप केला. तिने १७५४ साली हाल्ले विद्यापीठाची परीक्षा देऊन वैद्यकाची पदवी मिळविली. जर्मनीत कोणा स्त्रीस अशी पदवी मिळण्याची ती पहिलीच वेळ. गावास भूषणच हवे होते तर हे काय थोडे होते? पण मिरवणूक निघाली ती तलवारीची. (अभिमान हा शब्द आपल्याकडेही किती स्वस्त झाला आहे हे वाचकांस सांगावयास नको.)

दुसऱ्या प्रेमिकाची जात निराळी. युद्धकाळात चर्चचा खजिना गावाजवळच्या गुहेत लपविला होता. १९४५ साली अमेरिकन सैन्य आले, आणि त्यातील जो मीडोर नावाच्या अधिकाऱ्याने, जो स्वतः कलेचा शिकलेला होता, त्यातील अमोल वस्तू उचलून लष्करी टपालाने टेक्सासमधील आपल्या घरी धाडल्या. त्यांत सोन्याच्या शाईने लिहिलेला नवव्या शतकातील एक शुभवर्तमानग्रंथ होता. मीडोर १९८० साली वारला. पुढे वारसांनी त्या वस्तू विकावयास काढल्या तेव्हा प्रकरण बाहेर आले, आणि मोबदला घेऊनच त्यांनी त्या परत केल्या. १९९३ साली त्या टेकडीवर परतल्या. काही अद्याप बेपत्ता आहेत. कित्येक म्हणतील की ह्या माणसास सौंदर्य कळत होते, त्याने ते नासविले तर नाही. मला हा बचाव पटत नाही. ज्यास वस्तूचे मोल कळत नाही त्याने ती नेली तर ते अज्ञान. ज्यास कळते त्याने नेली तर तिच्यावर आणखी कोणाचा डोळा लागलेला आहे हेही त्यास कळावयास हवे होते.

मग ह्या गावास राखले कोणी? उत्तर काहीसे लाजविणारे आहे. पूर्व जर्मनीच्या साम्यवादी राजवटीत जुने गाव पाडून तेथे नवे उभारण्याचा बेत होता. तो तडीस गेला नाही ह्याचे मुख्य कारण पैशाची चणचण. गळकी छपरे, ओल्या भिंती व कुजक्या तुळया ह्यांत लोक राहत होते, आणि नव्या सिमेंटच्या चाळीत जागा मिळाली तर आनंदाने उठून जात होते. त्यांस दोष कोण देईल? १९९४ साली युनेस्कोने गावास जागतिक वारशाचा मान दिला, तेव्हा ह्या दैन्याचेच ऐश्वर्य झाले.

मात्र दैन्यास सारे श्रेय देणे हेही खरे नव्हे. त्याच हलाखीच्या काळात पोलंडमधील कारागीर आणवून काही घरांची डागडुजी करविण्यात आली. ज्या राष्ट्राची शहरे जर्मनांनी धुळीस मिळविली होती त्या राष्ट्राचे हे कारागीर! त्यांस त्या राजाचा अभिमान असण्याचे कारण नव्हते. कुजलेला भाग कापावा, तेथे नवे लाकूड सांधावे, एवढेच त्यांचे काम.

वाटसरूने ह्या गावात शेवटी वोर्डगासे ह्या गल्लीतील एक अरुंद घर पाहावे. चौदाव्या शतकातील ते आहे. त्याचे खांब जमिनीपासून छपरापर्यंत अखंड आहेत. पुढे प्रत्येक मजला वेगळा रचण्याची पद्धत आली, त्यापूर्वीची ही बांधणी. आता तेथे लाकडी घरांचे संग्रहालय आहे आणि लोक माना वर करून ते खांब पाहतात. १९६५ पर्यंत त्या घरात बिऱ्हाड होते.