शेअर

दसऱ्याला सापगावला गेलो होतो. शहापूरजवळचं, भातसेच्या काठावरचं आमचं गाव. पिकल्या भातावर काळेकुट्ट ढग असे काही उतरले होते की मी फोटो काढला आणि बावन्न जणांना पाठवून दिला. पुतणी म्हणाली, "काका, शेअर केलात? मस्तच!" मला उगाचच कर्ण झाल्यासारखं वाटलं.

आम्ही बँकेतली माणसं. शेअर म्हटलं की आम्हाला डिव्हिडंड आठवतो. पण घरी येऊन डिक्शनरी उघडली आणि चाटच पडलो. शब्द निघाला कापण्यातून! मेंढीची लोकर कातरण्याचं इंग्रजी क्रियापद याचंच भावंड. नांगराच्या फाळालाही इंग्रज शेअरच म्हणतो. म्हणजे शेअर करायचं तर आपल्यावर फाळ फिरला पाहिजे. भाकरी वाटली की अर्धी उरते. फोटो बावन्न जणांना वाटला तरी माझ्याकडे अख्खाच! सगळीकडे जमा, नावे कुठेच नाही. असं व्हाउचर आमचा साहेब तोंडावर फेकील.

मुंबईचं बरंचसं पाणी या एका शहापूर तालुक्यातून जातं. तानसाचं १८९२ पासून, भातसाचं नंतर. मुलुंडला मी शॉवरखाली गुणगुणतो, तेव्हा मे महिन्यात इथल्या पाड्यांवर हंडे टँकरच्या रांगेत असतात. आम्हाला वाटा, त्यांना वाट.

मराठीत जमीन वाटतात, मसाला वाटतात आणि वाईटही वाटतं. आमच्या घरच्या वाटणीत तिन्ही झालं. मसाल्याऐवजी डोक्यावर मिरी वाटली, एवढंच. विहिरीकडचा तुकडा दादाला, आंब्याकडचा मला. सातबारे वेगळे झाले. कसतो मात्र दोन्ही दादाच.

भात झोडून झाल्यावर पुन्हा गेलो. दसऱ्याच्या त्या पावसानं उभं पीक आडवं केलं होतं. तरी वहिनींनी गोणी काढून ठेवली होती, दरवर्षीएवढीच. "भाऊजी, तुमचा वाटा."

"दादा, तुम्हाला पुरेल ना?" मी विचारलं. विचारलं खरं, पण एक हात गोणीला लावूनच.

"पुरेल रे." आम्ही दोघांनी गोणी डिकीत टाकली. मग तो जरा घुटमळला. "तू म्हणे त्या दिवशी पावसाचा फोटो काढलास. मला पाठवतोस? तलाठ्याला दाखवायचा होता."

बावन्न जणांत दादाचा नंबर नव्हता.