नव्या घराचा कठडा

आपल्या मराठी मंडळ्यांतील कितीतरी कुटुंबे पोटापाण्यासाठी दूरदूरच्या गावी गेली. कोणी रेल्वेत लागले, कोणी शाळेत, कोणी मिशनच्या दवाखान्यात. तीस-पस्तीस वर्षे क्वार्टर्समध्ये किंवा भाड्याच्या बिऱ्हाडात काढली म्हणजे निवृत्तीचा दिवस दिसू लागतो, आणि नवराबायकोच्या बोलण्यात एकच विषय येऊ लागतो : आता आपले म्हणून एक घर असावे. फंडाच्या पैशांचा हिशेब होतो, नातलगांच्या जवळपास एखादे जुने घर मिळते, खरेदीखत होते. पण नोकरीचे काही महिने अजून उरलेले असतात. तेवढे दिवस त्या घराची तयारी दुरूनच, फोनवर आणि याद्या पाठवून चालते.

आम्हीही असेच केले. बडोद्यास राहून बेळगावातील घर तयार करून घेतले. त्या तयारीत आमच्या हातून एक गोष्ट घडली. तिच्यामुळे जो प्रश्न मनात उभा राहिला तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हे लिहीत आहे. प्रश्न असा : आपला निवारा तयार करताना दुसऱ्या कोणाचे काय होते हे पाहण्याची जबाबदारी आपल्यावर किती? विशेषतः ते माणूस आपल्या नजरेस पडतच नसेल तेव्हा?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगतो. म्हातारपणी स्वतःचे घर असावे ही इच्छा गैर नाही. बाबेलास धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने जे पत्र पाठवले (यिर्मया २९), त्यात घरे बांधून त्यांत राहा, असेच सांगितले आहे. घर नीट करून मगच राहायला जाणे हाही शहाणपणाच आहे. आम्ही घर पाहिले ते २०१६ च्या जानेवारीत. तेव्हा भिंती कोरड्या होत्या, अंगणात ऊन होते. परंतु बेळगावचे घर जानेवारीत पाहून कळत नाही. जूनपासून तिकडे जो पाऊस लागतो, त्यात कौलांची प्रत्येक फट बोलू लागते. म्हणून पावसाआधी कौले उतरवून, फुटकी बदलून शाकारणी करणे, वाशांना वाळवी लागली आहे का ते पाहणे, विजेच्या जुन्या तारा बदलणे, पाण्याची टाकी धुणे, ही कामे आधीच झालेली बरी. न्हाणीघराची फरशी घसरडी नसावी, भिंतीला धरायला दांडी असावी, रात्री उठल्यावर हाताशी दिवा असावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जगातील अपघाती मृत्यूंत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडून होणाऱ्या मृत्यूंचा क्रम लागतो, आणि अशा मृत्यूंत साठ वर्षांवरील माणसेच सर्वांत अधिक असतात. तेव्हा म्हाताऱ्याने न्हाणीघरात दांडी लावणे ही चैन नव्हे.

हे सगळे आम्ही केले. माझ्या यादीत तेवीस कलमे होती. गवंड्याला ती फोनवर एकेक करून वाचून दाखवली होती. अठरावे कलम असे होते : मागची खोली रिकामी करून सामानासाठी ठेवणे. खरेदीच्या वेळी आम्ही रिकामा ताबा मागितला होता आणि विकणाऱ्यांनी तो कबूल केला होता. रिकामा ताबा हे शब्द त्या कागदात इतके सरळ दिसत होते की त्यांच्याकडे दुसऱ्यांदा पाहावे असे वाटले नाही.

मे महिन्यात रजा काढून काम पाहायला गेलो. शाकारणी छान झाली होती. मागच्या खोलीत गेलो तर एका कोपऱ्यातली भिंत चुलीच्या धुराने काळी झाली होती. खुंटीला दोरी बांधलेली होती. दाराशी एक पाटा आणि वरवंटा पडला होता. गवंड्याला विचारले, हे कोणाचे? तो म्हणाला, “मावशीचं साहेब. चौदा वर्षं ती राहत होती इथं. मार्चमध्ये गेली.”

मग शेजारच्या आजींकडून सर्व कळले. आधीचे मालक परगावी असत. त्यांनी या विधवा बाईला मागची खोली दिली होती. त्याबदली ती घर झाडी, झाडांना पाणी घाली, रात्री दिवा लावी. पगार असा नव्हता. राहायला जागा हाच पगार. जानेवारीत आम्ही ज्या स्वच्छ अंगणाचे कौतुक केले ते तिने झाडलेले होते. ती त्या दिवशी मागच्या दारी उभीही होती म्हणे. मला आठवत नाही. मी तिला पाहिलेच नव्हते.

वाचकहो, त्या दिवसापासून पवित्र शास्त्रातील एक लहानसे वचन माझ्या मनातून जात नाही. अनुवाद २२:८ मध्ये नव्या घराविषयी एक आज्ञा आहे. पूर्वी ती अनेकदा वाचली होती, पण बांधकामाचा एक नियम यापलीकडे तिच्याकडे लक्ष दिले नव्हते. जो नवे घर बांधील त्याने धाब्याभोवती कठडा करावा. नाहीतर कोणी तेथून पडल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा तिचा आशय आहे. त्या देशात घरांची धाबी सपाट असत आणि लोक त्यांवर वावरत. राहाबेने हेरांना धाब्यावरच काड्यांत लपवले. पेत्र यापोत प्रार्थनेस वर गेला तो धाब्यावरच. म्हणजे पडण्याचा धोका रोजचाच होता.

आता पाहा, नवे घर बांधणाऱ्याला काय काय सांगता आले असते! दार कोणत्या दिशेला असावे, खोल्या किती असाव्यात, भिंती कशा असाव्यात. या वचनात त्यातले काही नाही. एकच गोष्ट आहे, आणि ती घरात राहणाऱ्याच्या सुखाची नाही. तुझ्या घरामुळे दुसरे कोणी पडणार नाही याची तजवीज कर, एवढेच. ते दुसरे कोण, हेही सांगितलेले नाही. पाहुणा असेल, शेजाऱ्याचे मूल असेल, कामाला आलेला मजूर असेल. घर बांधताना जे माणूस समोर नाही, ज्याचे नावही ठाऊक नाही, त्याला आधीच डोळ्यांपुढे आणण्याची ही आज्ञा आहे.

जे दुरून घर तयार करतात त्यांना तर ही आज्ञा अधिकच लागू आहे. जवळ राहून काम करून घेताना माणसे दिसतात. गवंड्याचा हात चुन्याने सोललेला दिसतो, मजूर बाईचे तान्हे मूल झाडाखाली झोपलेले दिसते. दुरून फक्त कलमे दिसतात. अठरावे कलम पुरे झाले, असे फोनवर ऐकले तेव्हा मला समाधान वाटले होते. त्या कलमाच्या पोटात एक बाई होती हे मला कळले नाही, आणि खरे सांगायचे तर मी विचारलेही नाही. माझ्या न्हाणीघरात दांडी लागली, पण माझ्या घराला कठडा नव्हता, आणि त्या घरावरून एक माणूस पडले होते.

यावर आमच्या एका स्नेह्यांनी दोन आक्षेप घेतले. दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा : तुम्ही पैसे मोजून घर घेतले. रिकामा ताबा मागणे हा खरेदीचा रिवाजच आहे. त्या बाईची सोय पाहणे हे आधीच्या मालकाचे काम. तुमचा काय दोष? मी म्हटले, आधीच्या मालकाचे काम होते हे खरे. पण माझे काम नव्हते हे त्यावरून सिद्ध होत नाही. यिर्मया २२:१३ मध्ये अन्यायाने घर बांधणाऱ्याला व शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेणाऱ्याला हाय हाय म्हटले आहे. चौदा वर्षांच्या झाडलोटीचे फळ ते स्वच्छ, टिकलेले घर होते, आणि ते फळ आता माझ्या पदरात पडले होते. फळ माझे आणि देणे मात्र दुसऱ्याचे, असे म्हणायला जीभ धजत नाही.

दुसरा आक्षेप असा : असे पाहू लागलो तर कोणालाच घर घेता येणार नाही. जगातील सर्व बेघरांचा भार आपण थोडाच उचलू शकतो? याचेही उत्तर त्या वचनातच आहे असे मला वाटते. साऱ्या गावाच्या धाब्यांवर पहारा करण्यास तेथे सांगितलेले नाही. आपल्या धाब्याच्या कडेला कठडा करायला सांगितले आहे. हे काम मोजके आहे. कडा जितकी तितकाच कठडा. शिवाय कठडा बांधल्याने धाबे दुसऱ्याचे होत नाही. मावशीला कायमचे तेथेच राहू द्यायला हवे होते, असे मी म्हणत नाही. कदाचित शेवटी तिला जावेच लागले असते. परंतु आधी भेटून बोलता आले असते. दुसरी जागा मिळेपर्यंत मुदत देता आली असती. चौदा वर्षांचा काही मोबदला ठरवता आला असता. जाणे आणि पडणे यांत जो फरक आहे, तो या तीन गोष्टींनी झाला असता.

आम्ही पाळकसाहेबांना बरोबर घेऊन तिला शोधायला गेलो. खानापूरच्या बाजूला एका गावी ती बहिणीच्या पडवीत राहत होती. आम्ही क्षमा मागितली. तिने आधी चहा करायला घेतला, मग म्हणाली, “घर तुमचं. तुम्ही सांगितलासा, मी निघाले. आधी कुणी येऊन बोललं असतं तर बरं वाटलं असतं, एवढंच.” परत येण्याविषयी विचारले तर नको म्हणाली, बहिणीचे गुडघे धरले होते, तिला सोबत हवी होती. आम्ही काही रक्कम दिली. ती घ्यायला तिने पुष्कळ वेळ लावला. शेवटी म्हणाली, “माझा पाटा तेवढा राहिला तिथं.” दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून पाटावरवंटा पोहोचवला. तो उचलताना मला कळले की तिने तो का नेला नव्हता. एकट्या बाईला तो नेता येण्याजोगा नव्हता, आणि मदत मागण्यासारखे तिथे कोणी उरले नव्हते.

झालेली गोष्ट याने पुसली गेली असे मी समजत नाही. क्षमा मिळाली, पण तो मार्च महिना तिला परत देता आला नाही. मागच्या खोलीत सामान ठेवायचे मात्र आमच्याने झाले नाही. पत्नीने शूनेमच्या बाईची आठवण करून दिली. तिने देवाच्या माणसासाठी माडीवर लहानशी खोली करून तीत चारच वस्तू ठेवल्या होत्या : पलंग, मेज, आसन आणि दिवा (२ राजे ४:१०). त्याच चार वस्तू आम्ही तेथे ठेवल्या. बेळगावच्या दवाखान्यांत आसपासच्या खेड्यांतून रोगी येतात आणि त्यांच्या सोबतची माणसे व्हरांड्यात रात्री काढतात. मंडळीच्या ओळखीने त्यांच्यापैकी कोणी ना कोणी आता त्या खोलीत उतरते. कोपऱ्यातली काळी भिंत आम्ही रंगवलेली नाही.

आमच्या डोक्यावरची कौले मंगळुरी आहेत. मंगळुरास बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. ख्रिस्ती झाल्यामुळे ज्यांचे घर आणि धंदा सुटला होता, अशांना पोटाला काम मिळावे हा मिशनच्या त्या उद्योगांमागचा एक हेतू होता. निराधारांच्या पोटासाठी निघालेल्या धंद्याचे कौल आपल्या घरावर आहे, हे आता पावसाचा आवाज ऐकताना कधीकधी आठवते.

प्रभू येशूने शिष्यांचा निरोप घेताना आपल्यासाठी जागा तयार करायला जातो असे सांगितले (योहान १४:२-३). त्या तयारीचा खर्च त्याने दुसऱ्या कोणावर टाकला नाही. जन्माच्या वेळी ज्याला उतारशाळेत जागा मिळाली नाही, त्यानेच आपल्याकरिता जागा केली आणि तिचे मोल स्वतः दिले. अशा प्रभूच्या शिष्याने स्वतःचे घर तयार करताना त्याचे मोल एखाद्या न दिसणाऱ्या दुबळ्या माणसाकडून वसूल होऊ द्यावे काय?

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. अनुवादातील हे वचन मुलांना जरूर शिकवा, आणि वर्गात एवढेच विचारा : तुमच्या घराची कडा कोठे आहे, आणि तेथून कोण पडू शकेल? मुले नेमके सांगतील. कोणी भांडी घासणाऱ्या बाईचे नाव घेईल, कोणी खालच्या मजल्यावरील म्हाताऱ्याचे. आणि जे बंधुभगिनी येत्या वर्षी दूरच्या गावाहून आपल्या नव्या घरी राहायला येणार असतील, त्यांनी आपली यादी एकदा पुन्हा वाचावी. प्रत्येक कलमाच्या मागे कोण आहे ते विचारावे. शक्य असेल तर स्वतः जाऊन, मागच्या दाराने आत शिरून पाहावे. पुढच्या दाराने आम्ही गेलो होतो, तेव्हा आम्हांला काही दिसले नव्हते.